सूचनांची वेळ

पहिल्या दिवशी सातुर्निनानं मला माइक दाखवलाच नाही.
भिंती दाखवल्या.
लामाच्या लोकरीच्या घोंगड्या, खिळे ठोकून ताणलेल्या.
म्हणाली, टाळी वाजव.
वाजवली.
टाळी घोंगडीत मुरली पाहिजे.
परत आली तर खोली बोलते,
माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी माइकच्या जागी मेणबत्ती.
तिच्याशी बोलायचं:
पेद्रो, पाउलिना, पांपा, पोतोसी.
प म्हटला की फुंकर, ज्योत गप्प, पुन्हा काडी.
सोळा काड्या गेल्या.
त्यांचे पैसे तिनं माझ्या पगारातून कापले,
पगार अजून ठरायचा होता.

मग काटा. लाल पट्टीत गेला
की आवाज फाटतो जुनेरासारखा, टरकन.
मग घड्याळ. मग फेडर:
हळू, झोपलेल्या पोरावरून पांघरूण काढावं तसा.
मग पुन्हा काटा.

संध्याकाळी सहाला सूचना.
पठारावर टेलिफोन नव्हता,
चिठ्ठ्या यायच्या ट्रकवाल्यांच्या खिशातून,
कोकाच्या पानांचा वास लागलेल्या.
कासिल्दा, मीठ घेऊन निघालोय, गुरुवारी ओढ्यापाशी गाढव पाठव.
दोन्या मेल्चोरा, बूट पोचले, डावा घट्ट होतो.
प्रत्येक चिठ्ठी दोनदा.
मी विचारलं, दोनदा का?
पहिल्यांदा शेजाऱ्यांसाठी, ती म्हणाली.
ते हाक मारतात. तो मेंढवाड्यातून धावत येतो.
दुसऱ्यांदा त्याच्यासाठी.
मधे सात मोज.
मेंढवाडा ते उंबरा, सात.

आणि मरण वाचायचं नसतं.
‘बरं नाही, लवकर ये’ एवढंच.
ज्याला कळायचं त्याला कळतं,
वाटेत थोडं थोडं.

जूनमधल्या गारठ्यात तिचा घसा बसला.
लाल दिव्याखाली मी एकटी.
सातवी चिठ्ठी दवाखान्यातल्या नर्सची,
अक्षर इतकं स्वच्छ, की डोळ्यांआधी तोंडानं वाचली:
एउलोखियो कोल्के, वारिपाता.
तुझी बायको पहाटे गेली. मुलगी आहे, जगेल.
सात मोजले.
पुन्हा वाचली.
एकही प फुटला नाही.
काटा जागचा हलला नाही.

काचेपलीकडे सातुर्निना, गळ्याला मफलर.
ओरडायला तिच्याकडे आवाज नव्हता.
आत आली, माझा फेडर उतरवला,
रेकॉर्डवर सुई टेकवायला गेली,
आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिचा हात चुकला.
गाणं लागलं नाही. कडेची खरखरच
गेली साऱ्या पठारावर, किती वेळ कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी तो आला.
बुटांवर खारपट्टीची पांढरी धूळ,
खांद्यावर सुकवलेल्या बटाट्यांचं पोतं,
डोक्यावर लग्नाची हॅट.
सातुर्निना उठून उभी राहिली.
मी नाही. पाय नव्हतेच मला.

तो म्हणाला, बरं नाही म्हणाली असतीस
तर धावलो असतो. त्या चढाला छाती फुटली असती.
चालत आलो. अकरा तास.
मेंढ्या भावाकडे सोपवल्या, तिची चांगली शाल घेतली,
नाव काय ठेवायचं त्याचा विचार केला.

पोतं उतरवलं.
दाराशी जाऊन थांबला.
एक विचारू?
दुसऱ्यांदा का वाचलंस?
रेडिओ माझ्या हातातच होता.
पहिल्यांदाच ऐकलं होतं मी.

बटाटे आम्ही हिवाळाभर खाल्ले.
त्या वाक्याबद्दल ती बोलली नाही, मीही नाही.

आता मी शिकवते. टाळी, काटा, घड्याळ.
घरोघरी फोन आहेत, तरी चिठ्ठ्या येतात,
म्हाताऱ्यांना आवाजातून आलेलंच खरं वाटतं.
कुणी पोरगी विचारते, मरणाची आली तर?
एकदा वाचायची, की दोनदा, की नाहीच?
मी काडेपेटी पुढे सरकवते.
तिचे प अजून फुटतात.
तोवर मला वेळ आहे.